चौदा तास पस्तीस मिनिटं

तिकीटबाईंना विचारा आणि निश्चिंत व्हा, असं त्या शहरात लोक एकमेकांना सांगत. बाजाराच्या रस्त्यावर, चष्म्यांचं दुकान आणि किल्ल्या करून देणारा यांच्या मधल्या अरुंद गाळ्यात त्यांची ट्रॅव्हल कंपनी होती. मागच्या टेबलाशी मालक बसत आणि बहुतेक वेळ फोनवर हसत. पुढच्या टेबलाशी बाई. टेबलावर संगणक, पेनांचा डबा आणि पृथ्वीचा एक गोल. त्या गोलाला कायम एक हिरवा दोरा गुंडाळलेला असे.

कोणी येऊन नुसतं गावाचं नाव घ्यायचा अवकाश, की बाई संगणकाकडे ढुंकूनही न बघता सांगत, "नऊ हजार दोनशे किलोमीटर. जाताना अकरा तास चाळीस मिनिटं, येताना साडेदहा. येताना वारा पाठीशी असतो ना!" गिऱ्हाइकानं भिंतीवरच्या नकाशाकडे बोट नेलं, की त्या ते बोट धरून खाली आणत. "तिकडे बघू नका, फसाल. नकाशा सपाट, पृथ्वी गोल. हा दोरा बघा." दोरा दोन गावांमध्ये ताणला की आपोआप वर सरके, थेट बर्फाच्या मुलखावरून जाई, आणि गिऱ्हाईक आ वासून बघत राही. मग सल्ले सुरू होत. पाणी पीत राहा. बूट सैल घाला. कानांत दडे बसले तर आवंढा गिळा. उजवीकडची खिडकी घ्या, सातव्या तासाला खाली बर्फ दिसतो. "आणि घाबरायचं काय त्यात? खायचं, झोपायचं, उतरायचं!"

बाई स्वतः आजवर एकदाही विमानात बसल्या नव्हत्या.

हे फक्त दोघांना माहीत होतं, एक बाईंना आणि दुसरा त्यांच्या दादाला. बाईंनी कधी कोणाला खोटं सांगितलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. कोणी विचारलंच नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याइतक्या बाई भोळ्या नव्हत्या. पहिल्या वर्षी सांगायचं राहिलं, दुसऱ्या वर्षी सांगायची लाज वाटली, आणि सव्वीस वर्षांनंतर सांगणं म्हणजे दुकानाची पाटी आपल्याच हातानं उतरवण्यासारखं होतं.

दादा एकोणीस वर्षांपूर्वी कामानिमित्त दूर गेला तो तिथलाच झाला. अकरा हजार आठशे चाळीस किलोमीटर. चौदा तास पस्तीस मिनिटं, मधे थांबा नाही. तो गेला त्याच वर्षी बाईंनी आपलं तिकीट काढलं होतं, आणि निघायच्या आदल्या दिवशी आपल्याच हातांनी रद्द केलं होतं. भीती उंचीची नव्हती. पडण्याची तर नव्हतीच. अपघातांचे आकडे त्यांना पाठ होते आणि ते सगळे विमानाच्या बाजूनं बोलत. भीती एवढीच होती की मधेच उतरता येत नाही. बसमध्ये जीव घाबरला तर पुढच्या थांब्यावर उतरावं, लिफ्टमध्ये घाबरला तर पुढच्या मजल्यावर. विमानाचं दार एकदा लागलं की लागलं. त्या दाराचा विचार जरी आला तरी बाईंच्या तळहातांना घाम फुटे.

दादा दोनदा येऊन गेला. मग तो जिन्यावरून पडला, कमरेचं हाड मोडलं, आणि इतके तास बसून राहायला डॉक्टरांनी त्याला कायमची मनाई केली. आता भेट व्हायची तर बाईंनीच जायला हवं होतं. दर रविवारी तो फोनवर विचारी, "टिल्ले, कधी येतेस?"

"ऑफिसात गर्दीचे दिवस आहेत रे."

"एकोणीस वर्षं गर्दीच आहे का गं?"

तो हसे. पण अलीकडे त्याचं हसणं जरा लवकर संपू लागलं होतं, आणि ते बाईंच्या लक्षात आलं होतं.

अशात एका सकाळी दुकानात सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे सत्तरी उलटलेल्या, काठीसारख्या ताठ, पांढऱ्या केसांच्या बाई. चाळीस वर्षं त्यांनी सूतिकागृहात काढली होती. अर्धं शहर त्यांच्या हातांवर जन्माला आलं होतं, मालकसुद्धा. त्यामुळे मालकांनी चक्क फोन खाली ठेवला आणि उठून उभे राहिले. बरोबर सिस्टरांचा मुलगा होता.

"मॅडम, आईला ताईकडे पाठवायचंय," तो म्हणाला. "ताईचं पहिलं बाळंतपण. तारीख तीन आठवड्यांवर आलीय आणि तिकडे तिचं जवळचं कोणी नाही. मी गेलो असतो बरोबर, पण घरी बायकोचा पाय प्लास्टरमध्ये. आणि ही ऐकत नाही."

"ऐकत नाही म्हणजे काय?" सिस्टर म्हणाल्या. "एवढा प्रवास मी एकटी करणार नाही. सोबत कोणी असेल तर बसते. नसेल तर इथूनच फोनवरून आशीर्वाद."

गाव कोणतं ते मुलानं सांगितलं. दादाचंच गाव. बाईंच्या तोंडून आकडे आपसूक निघाले. किलोमीटर, तास, मिनिटं. सकाळी साडेदहाला उड्डाण, तिकडचं घड्याळ दहा तास मागं, म्हणून त्याच दिवशी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी उतरणार. अख्ख्या प्रवासात अंधार म्हणून पडत नाही, बरं का. मग पाणी, बूट, कान हे नेहमीचे सल्ले. सिस्टर मान किंचित कलती ठेवून ऐकत होत्या.

"कानांत दडे बसतात म्हणता," त्या मधेच म्हणाल्या. "तुमच्या बसले होते?"

"आवंढा गिळायचा," बाई म्हणाल्या. "दहातल्या सात जणांना तेवढ्यानं बरं वाटतं."

"आणि चौदा तास बसून अंग नाही आंबत?"

"माणूस सरासरी साडेपाच तास झोपतो."

"असं होय." सिस्टरांनी बाईंकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुमचं कोणी आहे का हो तिकडे?"

"माझा दादा असतो."

"मग तुम्हीच चला की माझ्याबरोबर. दादाला भेटणं होईल, मला सोबत होईल."

बाई डब्यातली पेनं उगाच नीट लावू लागल्या. मालकांना मात्र ही कल्पना भलतीच आवडली. "जा हो बाई! तुमची रजा इतकी साठलीय की कपाटात मावत नाही!" सिस्टरांच्या मुलानं तर हातच जोडले. "मॅडम, खूप उपकार होतील. तुम्ही काय, शेकडो वेळा गेला असाल."

हीच ती वेळ होती. 'नाही हो, मी एकदाही गेले नाही' एवढं एक वाक्य. बाईंनी त्यासाठी तोंड उघडलं सुद्धा, आणि त्यातून निघालं, "बघते." आणि 'बघते' म्हटलं की समोरचा 'हो' ऐकतो, हे कोणाला सांगायला नको. मुलाचा जीव भांड्यात पडला, मालकांनी टाळी वाजवली, आणि सिस्टरांनी पर्समधून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

त्या रविवारी बाईंनी दादाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "टिल्ले, दार लागल्यावर काय करशील?"

"सिस्टरांना सांभाळेन. त्या फार घाबरल्यात."

"आणि तुला कोण सांभाळणार?"

"तू ठेव रे फोन."

ठरलेल्या दिवशी बाई विमानतळावर अशा पुढं चालत होत्या, की जणू तो त्यांच्या माहेरचाच वाडा. कुठं काय असतं ते त्यांना तोंडपाठ होतंच. इथं सामान द्यायचं, इथं डावीकडे, इथं पट्टा काढायचा. फक्त एका काचेच्या दाराला त्यांनी खूप वेळ ढकललं आणि ते बाजूला सरकणारं निघालं. "हे नवीन केलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "दिसतंय खरं," सिस्टर म्हणाल्या.

पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं मात्र घात केला. त्यानं बाईंचा पासपोर्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटला, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत, आणि कोऱ्या पानांवरून नजर उचलून मोठ्या प्रेमानं विचारलं, "पहिलाच प्रवास वाटतं?" बाईंनी मान हलवली, हो आणि नाही यांच्या मधे कुठंतरी. वळून पाहिलं तर सिस्टर मागच्या रांगेत पर्समध्ये चष्मा शोधण्यात गर्क होत्या. वाचले, असं बाईंना वाटलं. सिस्टरांना कळलं असतं तर त्या इथूनच परत फिरल्या असत्या, आणि ती पोर तिकडे एकटीच पडली असती. आता उतरेपर्यंत हा आव आणायचाच, बाईंनी मनाशी ठरवलं.

जागा अर्थातच बाईंनी स्वतः निवडल्या होत्या: सत्ताविसावी रांग, उजवीकडची खिडकी आणि तिच्या शेजारची. या विमानात हीच खिडकी सगळ्यात उत्तम, असं त्या कित्येक वर्षं सांगत आल्या होत्या. संगणकावरच्या आराखड्यात ती रांग पंखाच्या बरीच मागं दिसे. सत्ताविसावी रांग आली. पंख होता खरोखरच पुढं. पण त्या रांगेला खिडकीच नव्हती. पुढच्या रांगेला होती, मागच्या रांगेला होती. मधे या दोघींसाठी पांढरी, गुळगुळीत, कोरी भिंत.

बाई बघतच राहिल्या. किती माणसांना त्यांनी या भिंतीशी आणून बसवलं होतं! नवी जोडपी, म्हातारे मास्तर, पहिल्यांदा परदेशी निघालेल्या मुली. आणि एकानंही कधी तक्रार केली नव्हती. एक जण तर परत येऊन म्हणाला होता, "बाई, झकास जागा. काय शांत झोप लागली!"

"बर्फ इथूनच दिसतो ना?" भिंतीवर बोट आपटत सिस्टरांनी विचारलं.

"विमान बदललेलं दिसतंय," बाई म्हणाल्या, आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या.

तेवढ्यात पुढं कुठंतरी धप्प असा आवाज झाला. दार लागलं.

बाईंच्या पायांना वाटलं उठावं, त्या दाराशी जावं आणि सांगावं की एक चूक झालीय, मी फक्त तिकिटं काढते. पट्ट्याचं कुलूप कुठून उघडतं तेसुद्धा त्यांना सुचेना. आणि त्याच क्षणी शेजारून सिस्टर हळूच म्हणाल्या, "बाई, मला फार भीती वाटतेय हो. जरा हात द्या."

बाईंनी हात पुढं केला. सिस्टरांनी पंजा नाही धरला, मनगट धरलं. त्यांची बोटं कोरडी आणि ऊबदार होती.

"आता विमान काय करणार, सांगा ना."

"आता मागं सरकेल," बाई म्हणाल्या. आवाज चिरका आला. "मग वळून धावपट्टीकडे जाईल. त्याला बारा ते पंधरा मिनिटं. मग पळेल. पळायला पन्नास सेकंदांच्या आतबाहेर."

"मोजा बरं तुम्ही. मला नाही जमायचं."

बाईंनी मोजले. सत्तेचाळीसला विमानानं जमीन सोडली. कानांत असे दडे बसले की आवंढा गिळून गिळून त्या थकल्या आणि काही म्हणता काही झालं नाही. दहातल्या उरलेल्या तीन जणांत आपण आहोत हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग सुरू झाली सिस्टरांची प्रश्नांची सरबत्ती. बाईंचं लक्ष जरा पुढच्या पडद्याकडे, त्या लागलेल्या दाराच्या दिशेनं गेलं, की सिस्टरांचा प्रश्न आलाच. आता किती किलोमीटर झाले? मग उरले किती? आपला वेग किती? मग तुम्ही सांगितलेल्या वेळेला पोचू का? बाई मनातल्या मनात भागाकार करत, वाऱ्याची धरून आठ मिनिटं मिळवत आणि उत्तर देत. समोरच्या छोट्या पडद्यावर विमान वाकड्या रेघेनं वर वर चाललं होतं. सिस्टरांनी विचारलं, "हा चालक रस्ता चुकला की काय?" तेव्हा बाईंनी जेवणाच्या ताटातला गोल पाव उचलला, पांघरुणाचा एक दोरा उपसला, आणि पावावर ताणून दाखवला.

"अस्सं!" सिस्टर म्हणाल्या. "पुन्हा एकदा दाखवा. नीट नाही कळलं."

बाईंनी तीनदा दाखवलं. पलीकडच्या रांगेतल्या दोघांनाही दाखवलं. शेवटी सिस्टरांनी पृथ्वीचे दोन तुकडे केले आणि लोणी लावून अर्धी बाईंना दिली. तोवर चार तास उलटून गेले होते, आणि बाईंना आपण पोटभर जेवल्याचं पाहून नवल वाटलं. म्हाताऱ्या सिस्टरांना सांभाळायचं काम आपल्याला चांगलं जमतंय, असंही त्यांना वाटलं, आणि थोडी ऐटही आली.

ती ऐट साडेसहा तासांपर्यंत टिकली. मग विमान हलू लागलं. आधी बारीक थरथर, मग खडबडीत रस्त्यावर गाडी जावी तसे धक्के, आणि मग एकदम असं खाली गेलं की पेल्यातलं पाणी जागच्या जागी उडालं. मागं एक लहान मूल रडू लागलं. पट्टे बांधायची घोषणा झाली.

"हे नेहमी होतं का हो?" सिस्टरांनी विचारलं. यावेळी त्यांचाही चेहरा उतरला होता.

बाईंना उत्तर पाठ होतं. नेहमीचंच आहे, घाबरण्यासारखं काही नाही. सव्वीस वर्षं हेच वाक्य त्यांनी बिनदिक्कत वापरलं होतं. पण आपल्या मनगटावरच्या त्या सुरकुतलेल्या बोटांकडे पाहून ते वाक्य त्यांना म्हणवेना.

"मला माहीत नाही, सिस्टर," त्या म्हणाल्या. "देवाशपथ माहीत नाही. मी पहिल्यांदाच बसलेय विमानात. आजपर्यंत कधीच बसले नव्हते. मी तुम्हाला फसवलं."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. आता सिस्टर किंचाळणार, रडणार, मला विमान थांबवायला लावणार.

"माहीत आहे मला," सिस्टर म्हणाल्या.

बाईंनी डोळे उघडले. "त्या पासपोर्टवाल्यानं…"

"छे हो. तुमच्या दुकानातच कळलं. चाळीस वर्षं पहिलटकरणी बघितल्यात मी, शंभर बायकांत ओळखू येते मला. दोन तऱ्हा असतात त्यांच्या. एक आरडाओरडा करणारी. आणि दुसरी, पुस्तकं पाठ करून इतर बायकांना सल्ले देत फिरणारी." सिस्टर बाईंकडे वळल्या. "जी बाई एकदा त्यातून गेलेली असते ना, ती तास सांगत नाही. ती सांगते मला कसं झालं, मी कोणाला शिव्या दिल्या, पाणी कोणी पाजलं. तुम्ही मला किलोमीटर सांगितले, मिनिटं सांगितली, दहातल्या सात जणांचं सांगितलं. तुमचं स्वतःचं एक अक्षर सांगितलं नाही."

विमान पुन्हा दचकलं. दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले.

"मग तरी मलाच का आणलंत?" बाईंनी विचारलं. "तुम्हाला माहितगार माणूस हवं होतं ना?"

"माहितगार? मी सोबत म्हटलं होतं. माहितगार माणूस जेवलं असतं आणि घोरत पडलं असतं. मला जागं राहणारं कोणीतरी हवं होतं." सिस्टरांनी एक लांब श्वास घेतला. "भीती मलाही आहे हो, नाटक नाही करत. पण दोघी घाबरलेल्या असल्या की एकीला सिस्टर व्हावं लागतं, आणि मला दुसरं काही येत नाही. दार लागलं तेव्हा नाडी एकशे अठरा होती तुमची. पाव दाखवत होतात तेव्हा ऐंशी."

बाई आपल्या मनगटाकडे बघत राहिल्या. साडेसहा तास आपण हिला सांभाळतोय असं त्या समजत होत्या! त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि आलं हसू. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी येईतो. त्या हसताहेत म्हणून सिस्टर हसल्या, आणि पलीकडच्या रांगेतले दोघं कशाला हसायचं ते न कळता हसले. मधे केव्हातरी विमान हलायचं थांबलं होतं. ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

"मधेच उतरता येत नाही ना, त्याची भीती होती मला," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "म्हणून एकोणीस वर्षं दादाकडे गेले नाही."

"मधेच उतरता येत नाही अशाच कामात आयुष्य गेलं माझं," सिस्टर म्हणाल्या. "प्रत्येकीला अर्ध्यात वाटतं, आता नको, मी घरी जाते. जाऊ दे म्हणायचं, आणि पुढची पाच मिनिटं काढायची. चला, उठा. तुमचा तो बर्फ कुठं आहे बघू."

विमानाच्या मागच्या टोकाला, स्वच्छतागृहाच्या शेजारच्या दाराला एक वीतभर खिडकी होती. दारच ते. बाई आधी तीन पावलांवर थांबल्या. मग सिस्टरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या पुढं होऊन वाकल्या.

खाली बर्फ होता. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पांढरा, मधे निळ्या भेगा, आणि वर लखलखीत दुपार. बाई म्हणाल्या, "आहे." मग पुन्हा म्हणाल्या, "खरंच आहे हो, सिस्टर." हजारो लोकांना ज्याची ग्वाही दिली ती गोष्ट खोटी नव्हती, एवढंच, पण त्यांना इतका आनंद झाला की मागं पाण्यासाठी थांबलेल्या एका अनोळखी माणसालाही त्यांनी खांद्याला धरून खिडकीशी उभं केलं. सिस्टरांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "खूप आहे. आता बसू या, माझे गुडघे बोलतायत."

यानंतर घडलं ते सांगायला बाईंची थोडी पंचाईत होते, पण सांगायला हवं. जागं राहण्यासाठी म्हणून आणलेल्या बाईंनी जागेवर येऊन पांघरूण ओढलं, भिंतीला डोकं टेकलं, आणि त्या साडेसहा तास ठार झोपल्या. घोरल्या सुद्धा. जाग आली ती खांद्यावरच्या थापेनं.

"उतरतोय आपण," सिस्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते. "आता तुमची नाडी सत्तर आहे, आणि माझी विचारू नका. जन्मात कधी कोण्या पेशंटनं असा दगा दिला नव्हता."

"उठवायचं नाही का मला!"

"पहिलटकरणीला झोप लागली की तिला उठवायची नसते. नियम आहे आमच्याकडे."

बाहेर येण्याच्या दाराशी कठडा होता आणि कठड्यामागं माणसांची गर्दी. सिस्टरांची लेक सगळ्यांच्या आधी दिसली; दिसणारच, तिचं पोट तिच्या आधी गर्दीतून पुढं आलं होतं. सिस्टर इतक्या वेळ ताठ चालल्या होत्या, त्या लेकीला बघताच धावल्या. आधी तिच्या गालांना हात लावला, मग लगेच पोटाला, आणि तिथंच, सामानाच्या गाड्यांच्या मधे, हातानं चाचपून म्हणाल्या, "डोकं खाली आलंय. छान आहे." लेक रडत हसत होती. तिनं बाईंना विचारलं, "आईनं फार त्रास नाही ना दिला हो?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "त्रास मीच दिला. मी पहिल्यांदाच बसले विमानात. त्यांनी मला आणलं." हे वाक्य असं सहज बाहेर पडलं की त्याला सव्वीस वर्षं का लागली ते बाईंना समजेना. सिस्टरांनी फक्त बाईंचं मनगट एकदा दाबलं आणि सोडलं.

दादा गर्दीच्या कडेला उभा होता. दोन्ही हात कठड्यावर, बगलेत काठी. फोनवरच्या आवाजावरून बाईंच्या मनात जो दादा होता, त्याहून हा चार बोटं बुटका आणि खूप पांढरा होता. त्यांना वाईट वाटलं, स्वतःचा रागही आला. एवढ्याशा दाराला भिऊन मी याला इतकं म्हातारं होऊ दिलं. त्या भरभर पुढं गेल्या. दादानं त्यांना एका हातानं जवळ घेतलं, दुसरा कठड्यावरच ठेवावा लागला.

"चौदा तास पस्तीस मिनिटं म्हणायचीस," तो त्यांच्या केसांत पुटपुटला. "एकोणीस वर्षं लागली की गं टिल्ले."

बाई त्याच्या कोटाला तोंड लावून रडल्या, मनसोक्त, आणि कोण बघतंय त्याची पर्वा केली नाही. मग त्यानं आपल्या बाहीनं त्यांचं नाक पुसलं, लहानपणी पुसायचा तसंच, आणि विचारलं, "कसा झाला प्रवास?"

बाईंनी सवयीनं तोंड उघडलं. पण किलोमीटर आठवेनात, वेग आठवेना, वारा कुठून होता तेही आठवेना.

"अरे दादा," त्या म्हणाल्या, "दार लागलं ना, तेव्हा माझे पाय उठून निघालेच होते. आणि माझे कान, काय सांगू तुला…" आणि ज्याला धड उभं राहायलाही जड जात होतं तो दादा, बाकावर बसायचं सोडून, कठड्याला टेकून ऐकत राहिला.